जखमेला हवं तेवढंच पाणी

भाजलेल्या किंवा सोलवटलेल्या जखमेवरचं कापडी गॉझ बदलायची वेळ आली, की अनुभवी सिस्टर आधी त्यावर सलाईन ओततात आणि थोडा वेळ थांबतात. जखमेतून पाझरलेला द्रव कापसाच्या धाग्यांत शिरून तिथेच वाळलेला असतो. गॉझ आणि जखम यांचं मिळून एकच कवच झालेलं असतं. ते तसंच ओढलं तर रुग्ण कळवळतो, आणि त्याहून वाईट म्हणजे गेल्या दोन दिवसांत कडेनं सरकत आलेली कोवळी त्वचा गॉझबरोबर उपटून येते. पट्टी बदलताना रक्ताचे जे ताजे ठिपके दिसतात, ते बहुतेक वेळा नुकत्याच तयार झालेल्या केशवाहिन्यांचे असतात. जे भरून आलं होतं, तेच आपल्या हातानं पुन्हा फाटतं.

या अडचणीवर उत्तर म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत गेली काही दशकं एक वस्तू घडवली जात आहे: कोळंबीच्या सालापासून, समुद्री शेवाळापासून किंवा गवारीच्या बियांपासून काढलेल्या पॉलिमरचा पातळ, पारदर्शक पापुद्रा. हे काम हुबळी-धारवाडमध्येही चालतं. पण त्याकडे जाण्याआधी जखमेला नेमकं काय हवं असतं, हे पाहायला हवं. आपल्या मनात त्याबद्दल जी समजूत घट्ट बसली आहे, ती चुकीची आहे.

जखम कोरडी ठेवावी, तिला वारा लागू द्यावा, खपली धरली की समजावं आता बरी होतेय, असं घरोघरी सांगितलं जातं. बराच काळ वैद्यकशास्त्राचाही कल तसाच होता. १९६२ साली ब्रिटनमधले संशोधक जॉर्ज विंटर यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटा निबंध छापला. डुकरांच्या पाठीवर त्यांनी सारख्या खोलीच्या उथळ जखमा केल्या. काही उघड्या ठेवल्या, काही पॉलिथिनच्या पातळ कागदानं झाकल्या. झाकलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगानं आली. त्वचेच्या पेशी ओलसर पृष्ठभागावरूनच सरकू शकतात. उघड्या जखमेचा वरचा थर वाळतो, त्याची खपली होते, आणि मग या पेशींना खपलीच्या खालून, जिथे ओल शिल्लक आहे तिथून, वाट काढत जावं लागतं. म्हणजे ज्या खपलीकडे आपण बरं होण्याची खूण म्हणून पाहतो, ती खरं तर वाटेतला अडथळा असते. पुढच्याच वर्षी, १९६३मध्ये, हिनमन आणि मायबाख यांनी माणसांच्या त्वचेवरही हेच दाखवून दिलं.

मग सरळ पॉलिथिनच का लावू नये? कारण त्यातून वाफ जवळजवळ बाहेर पडत नाही. द्रव साचत जातो, आजूबाजूची चांगली त्वचा भिजून पांढरी पडते, आणि त्या साचलेल्या पाण्यात जंतूंना मोकळं रान मिळतं. गॉझ जखमेचं पाणी शोषून तिला वाळवतं, पॉलिथिन तिला बुडवतं. हवं आहे ते या दोहोंच्या मधलं.

हे मधलं म्हणजे किती, हे मोजून सांगता येतं. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार धडधाकट त्वचेतून दर चौरस मीटरमागे चोवीस तासांत सुमारे २०४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात जातं. लालसर, दाणेदार ऊतक भरून येत असलेल्या उघड्या जखमेतून ५,१३८ ग्रॅम जातं. चौरस मीटर डोळ्यांसमोर येत नसेल तर ए-फोर आकाराच्या कागदाएवढी जखम घ्या. पाठीवर भाजलं तर एवढी जागा सहज व्यापली जाते. तेवढ्या निरोगी त्वचेतून दिवसाला १३ ग्रॅम, म्हणजे चमचाभर, पाणी उडतं. तेवढ्याच उघड्या जखमेतून ३२० ग्रॅम. चांगल्या ड्रेसिंगनं दर चौरस मीटरमागे २,००० ते २,५०० ग्रॅम वाफ जाऊ द्यावी, असा साधारण संकेत आहे. आपल्या ए-फोर जखमेसाठी हे प्रमाण १२५ ते १५६ ग्रॅम होतं. जखमेवरच्या पापुद्र्याची अर्धी परीक्षा या आकड्यातच आहे.

आता सामग्री. कायटिन हा खेकडे, कोळंबी, कीटक आणि बुरशी यांच्या शरीराला आकार देणारा पॉलिमर आहे. फ्रान्सच्या ऑन्री ब्राकोनो यांनी १८११मध्ये तो पहिल्यांदा वेगळा काढला, तोही कवचातून नव्हे, अळंब्यांतून. १८५९मध्ये रुजे या दुसऱ्या फ्रेंच संशोधकानं तो तीव्र अल्कलीत उकळला आणि सौम्य आम्लात विरघळणारा नवा पदार्थ मिळवला. त्यालाच आज आपण कायटोसान म्हणतो. पद्धत अजूनही मूळची तीच आहे. कोळंबीची सालं धुऊन वाळवायची, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लानं त्यांतला चुना काढायचा, सौम्य कॉस्टिक सोड्यानं प्रथिनं काढायची, आणि उरलेलं कायटिन ४०-५० टक्के तीव्रतेच्या कॉस्टिकमध्ये तापवायचं. कोळंबीच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग डोकं आणि साल यांतच जातो. रत्नागिरीपासून कारवारपर्यंतच्या किनाऱ्यावर ज्यांनी कोळंबी सोलण्याची शेड पाहिली आहे, त्यांना या ढिगाचा वासही आठवेल. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं या टाकाऊ मालातून कायटोसान काढण्याचं तंत्र आपल्याकडे रुजवलं.

कायटोसानची खुबी त्याच्या अमिनो गटांत आहे. किंचित आम्लधर्मी द्रावणात हे गट धनभारित होतात. रक्तपेशींचं आणि जिवाणूंचं बाह्य आवरण ऋणभारित असतं. त्यामुळे रक्तपेशी कायटोसानला चिकटून गोळा होतात आणि रक्तस्राव थांबतो. जिवाणूंचं आवरण त्याच ओढीमुळे विस्कटतं. रक्त थांबवण्याच्या या गुणावर आधारलेल्या ‘हेमकॉन’ या पट्टीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २००२मध्ये मान्यता दिली आणि ती युद्धभूमीवर सैनिकांच्या पिशवीत गेली. भारतात ॲक्झिओ बायोसोल्युशन्स या कंपनीनं ‘ॲक्झिओस्टॅट’ नावाची अशीच पट्टी बाजारात आणली. म्हणजे कायटोसान माणसाच्या जखमेवर चालतो का, हा प्रश्न आता उरलेला नाही.

अल्जिनेट येतं तपकिरी समुद्री शेवाळातून. त्याच्या साखळ्या कॅल्शियममुळे एकमेकींना बांधल्या जातात. जखमेतल्या द्रवात सोडियम भरपूर असतं. ते कॅल्शियमची जागा घेतं, बांधणी सैल होते आणि पट्टीचा मऊ लगदा होतो. सलाईनच्या धारेनं तो धुऊन निघतो, ओढावा लागत नाही. ग्वार गम म्हणजे आपल्या भाजीच्या गवारीच्याच बियांमधला डिंक. एकटा वापरला तर तो फार पाणी पितो आणि ओला झाल्यावर टिकत नाही, म्हणून त्याला दुसऱ्या कुणाची तरी जोड लागते. जिलेटिन, पेक्टिन, स्टार्च, रेशमातलं फायब्रॉइन अशी यादी पुष्कळ वाढवता येईल.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. ‘नैसर्गिक’ आहे म्हणून एखादी वस्तू जखमेला चांगली, असं अजिबात नाही. कापूस नैसर्गिकच आहे. तो सेल्युलोजचा, म्हणजे जैविक पॉलिमरचाच बनलेला आहे. ज्या धारवाडच्या शेतकी संशोधन केंद्रात डॉ. बी. एच. कतारकी यांनी १९७२ साली ‘वरलक्ष्मी’ हा गाजलेला संकरित कापूस तयार केला, त्या परिसराला कापसाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. तरीही कोवळी त्वचा उपटून काढणारं गॉझ या कापसाचंच असतं. पदार्थ कुठून आला यापेक्षा तो जखमेच्या पाण्याशी कसा वागतो, याला महत्त्व आहे.

मराठी वाचकाच्या मनात धारवाड येतं ते पेढ्यामुळे, मल्लिकार्जुन मन्सूरांमुळे आणि जी. ए. कुलकर्णींमुळे. पॉलिमर शिकणाऱ्यांना मात्र हे गाव कर्नाटक विद्यापीठाच्या टेकडीमुळे माहीत आहे. हे विद्यापीठ १९४९ साली, हा भाग मुंबई प्रांतात असताना स्थापन झालं आणि पुढच्या वर्षी धारवाडला आलं. इथे प्रा. तेजराज अमिनभावी यांनी पॉलिमर विज्ञानाचं केंद्र उभं केलं. त्यांच्या गटानं ग्वार गमला दुसऱ्या पॉलिमरच्या फांद्या जोडून औषध हळूहळू सोडणारे सूक्ष्म गोळे बनवले, सोडियम अल्जिनेट आणि कायटोसान यांचे पडदे तयार केले. सुनील अग्निहोत्री, नडगौडा मल्लिकार्जुन आणि अमिनभावी यांनी २००४ साली कायटोसानच्या सूक्ष्म आणि अतिसूक्ष्म कणांवर लिहिलेला आढावा आजही या विषयात पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याला वाचावाच लागतो. इतका उद्धृत झालेला निबंध धारवाडच्या पत्त्यावरून निघाला, याचं मला फार अप्रूप वाटतं. अमिनभावी पुढे हुबळीच्या केएलई तंत्रज्ञान विद्यापीठात गेले.

त्यांच्या गटाचा भर औषध पोचवणं आणि द्रव वेगळे करणारे पडदे यांवर होता. पापुद्र्याचं काम त्याच परिसरातल्या रसायनशास्त्राच्या इतर प्रयोगशाळांत वाढलं. कर्नाटक विद्यापीठातले रवींद्र चौगले आणि कर्नाटक सायन्स कॉलेजच्या सरस्वती मस्ती यांच्यासारख्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना घेऊन कायटोसान आणि पॉलिव्हिनाइल अल्कोहोल यांच्या मिश्र फिल्म तयार केल्या. काही मिश्र फिल्ममध्ये जांभळाच्या पानांचा अर्क घातला, काहींत विड्याच्या पानांचा, आणि जंतूंवर काय परिणाम होतो ते पाहिलं. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल कारखान्यात बनतं, पण ते पाण्यात विरघळतं, शरीराला निरुपद्रवी आहे आणि कायटोसानच्या ठिसूळ पापुद्र्याला लवचिकपणा देतं. अशा फिल्मचे दोन उपयोग पुन्हा पुन्हा सांगितले जातात: अन्न टिकवणारं वेष्टण आणि जखमेवरची पट्टी. दोन्हीकडे प्रश्न एकच असतो, की ओल आणि जंतू यांच्यावर ताबा कसा ठेवायचा. जखमेची परीक्षा मात्र कितीतरी कडक असते.

फिल्म बनते कशी? १०० मिलिलिटर पाण्यात १ मिलिलिटर ॲसिटिक आम्ल घालायचं. त्यात २ ग्रॅम कायटोसान टाकून मॅग्नेटिक स्टररवर रात्रभर फिरत ठेवायचं. सकाळी मधासारखं घट्ट, फिकट पिवळं द्रावण मिळतं. ते मलमलीतून गाळायचं, बुडबुडे जाईपर्यंत थांबायचं, लवचिकपणासाठी थोडं ग्लिसरीन मिसळायचं, आणि ९ सेंटिमीटर व्यासाच्या पेट्री डिशमध्ये २० मिलिलिटर ओतून ४० अंशांवर वाळू द्यायचं. कोकणात ताटाला तूप लावून आंबापोळी वाळत घालतात, ती पद्धत आणि ही पद्धत यांत तत्त्वाचा फरक नाही. डिशमध्ये सारं मिळून ०.४ ग्रॅम कायटोसान असतं. त्यावरून हिशेब केला तर पापुद्रा झेरॉक्सच्या कागदाच्या साधारण निम्म्या जाडीचा होतो. ओव्हनचा खण जरा तिरका असेल तर फिल्म एका कडेला जाड आणि दुसरीकडे पातळ होते. मग पुढची सगळी मोजमापं फसतात. म्हणून स्क्रूगेजनं पाच-दहा ठिकाणी जाडी मोजून सरासरी काढतात. पावसाळ्यात धारवाडची हवा इतकी दमट असते, की कोरडी फिल्म टेबलावर ठेवली तर ती हवेतली ओल घेऊन लिबलिबीत होते. ती डेसिकेटरमध्ये, ठरावीक आर्द्रतेत ठेवूनच तपासावी लागते.

तपासण्याही बऱ्याच असतात. ती ओढून किती ताणाला तुटते, पाण्यात बुडवल्यावर वजनाच्या किती पट फुगते, पेल्याच्या तोंडावर ताणून बसवली तर रोज किती वाफ जाऊ देते. इन्फ्रारेड वर्णपटावरून मिसळलेले पदार्थ एकमेकांशी जुळले की नुसते शेजारी बसले ते कळतं. मग जंतूंची बशी: आगारवर जिवाणू पसरायचे, मधोमध फिल्मची चकती ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याभोवती जंतूविरहित वलय उमटलं का ते पाहायचं. शेवटी उंदराच्या संयोजी ऊतकातल्या पेशींबरोबर फिल्म ठेवून किती पेशी जिवंत राहतात ते मोजायचं.

या तपासण्यांत काही सापळे आहेत. ते सांगितल्याशिवाय हे प्रकरण प्रामाणिक होणार नाही.

पहिला सापळा आम्लाचा. कायटोसान ॲसिटिक आम्लात विरघळवलेला असतो, आणि वाळल्यावरही काही आम्ल फिल्ममध्ये राहतं. हे आम्ल स्वतःच जंतूंना मारतं. वलय उमटलं, पण ते कायटोसाननं उमटवलं की व्हिनेगरनं? फिल्म सौम्य कॉस्टिकमध्ये बुडवून, धुऊन, आम्ल घालवलं की बऱ्याच वेळा वलय आक्रसतं. कारण आता कायटोसान विरघळून आगारमध्ये पसरू शकत नाही. शिवाय अमिनो गटांचा धनभार पीएच साडेसहाच्या वर झपाट्यानं ओसरतो, आणि जुनाट, चिघळलेल्या जखमेचा पीएच बहुधा सातच्या वर असतो. म्हणजे जिथे जंतुनाशक गुणाची खरी गरज, नेमका तिथेच तो मंदावतो. जांभळाच्या किंवा विड्याच्या पानांतले टॅनिन आणि फिनॉल घालण्यामागे म्हणूनच अर्थ आहे. पण मग पानं कुठल्या महिन्यात तोडली, कोवळी होती की जून, अर्क पाण्यात काढला की अल्कोहोलमध्ये, यावर प्रत्येक घाण्याचा गुण बदलतो. कोळंबीचंही तेच. जात बदलली, उकळण्याचा वेळ बदलला, की कायटोसानच्या साखळ्यांची लांबी बदलते. एका विद्यार्थ्याच्या हातून झालेली उत्तम फिल्म पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या हातून तशीच होईल, ही खात्री देणं हे या कामातलं सर्वांत अवघड आणि सर्वांत दुर्लक्षित कष्टाचं काम आहे.

दुसरा सापळा उंदराचा. प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदराच्या त्वचेखाली स्नायूचा एक पातळ पडदा असतो. माणसात तो जवळजवळ नाहीच. त्या पडद्यामुळे उंदराची जखम मुख्यतः आक्रसून मिटते, तर माणसाची जखम तळापासून भरून येऊन वर नवी त्वचा पसरून मिटते. फिल्म लावलेल्या उंदराची जखम लवकर मिटली असा आलेख दिसला, तर ती फिल्ममुळे मिटली की उंदीरपणामुळे, हे विचारायलाच हवं. जखमेच्या कडेला सिलिकोनची कडी शिवून तिचं आक्रसणं रोखण्याचा उपाय आहे. डुकराची त्वचा आपल्या त्वचेच्या अधिक जवळची आहे, पण ते प्रयोग महाग पडतात.

तिसरा सापळा निर्जंतुकीकरणाचा. जखमेवर जाणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी. त्यासाठी २५ किलोग्रे गॅमा किरणांची मात्रा सर्रास वापरतात. त्या माऱ्यात कायटोसानच्या साखळ्या तुटतात, फिल्म पिवळी आणि ठिसूळ होते. ऑटोक्लेव्हच्या वाफेत ती आकार सोडते. ज्या फिल्मचे सगळे गुण निर्जंतुकीकरणाच्या आधी मोजले, तिच्याबद्दल रुग्णाच्या दृष्टीनं आपल्याला काहीच माहीत नसतं. प्रबंधाच्या पहिल्याच वर्षी हा प्रश्न सोडवायला घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता धारवाडहून मुंबईला यावं लागेल. जखमेवरच्या नैसर्गिक पापुद्र्याची महाराष्ट्रातली सर्वांत खणखणीत गोष्ट तिथे घडली, आणि तिच्यात प्रयोगशाळेत बनवलेला एकही पॉलिमर नव्हता.

मुंबईच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयात भाजलेल्या मुलांवर उपचार करणारे प्लास्टिक सर्जन डॉ. मनोहर केसवानी यांनी १९८५ साली ‘बर्न्स’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात डॉ. पाटील यांच्यासह एक प्राथमिक अहवाल छापला. विषय होता उकडलेल्या बटाट्यांच्या सालांची पट्टी. सालं गॉझवर ओळीनं चिकटवून, निर्जंतुक करून भाजलेल्या जागेवर ठेवायची. बटाट्याच्या सालाचा बाहेरचा थर बुचासारखा असतो. निसर्गानं तो आतली ओल राखण्यासाठीच बनवलेला आहे. सालाखाली जखम ओलसर राहते, आणि साल जखमेला चिकटत नाही.

नंतर शीवच्या लोकमान्य टिळक महानगरपालिका रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाकडे मोर्चा वळवला. २००३ साली त्यांचे दोन निबंध ‘बर्न्स’मध्ये एकापाठोपाठ आले. त्वचारोपणासाठी जिथून त्वचा काढून घेतात, त्या अतिशय दुखऱ्या जागेवर पहिल्या निबंधात केळीच्या पानाची तुलना व्हेसलीन गॉझशी केली होती. दुसऱ्यात भाजलेल्या जखमांवर त्याची तुलना बटाट्याच्या सालाशी केली. पान मेणचट असल्यामुळे चिकटत नाही. पट्टी बदलताना रुग्णांना जाणवणारी वेदना केळीच्या पानाखाली फार कमी होती. जखम भरण्यात ते कुठे मागे पडलं नाही, बटाट्याच्या पट्टीपेक्षा बनवायला सोपं ठरलं, आणि किंमत तर नगण्य होती. ऑटोक्लेव्हमध्येही ते टिकतं. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात व्रणावरचे साठ उपक्रम सांगितले आहेत, त्यांत ‘पत्रदान’, म्हणजे व्रणावर पान ठेवणं, हाही एक आहे. पण डॉ. गोरे यांच्या कामाचं मोल प्राचीनतेत नाही. त्यांनी जुन्या उपायावर श्रद्धा ठेवली नाही, त्याची तुलना केली, वेदना नोंदवली आणि खर्च मांडला. याच रुग्णालयात त्यांनी त्वचापेढीही उभी केली. सार्वजनिक रुग्णालयात, रोजच्या धबडग्यात, साध्या साधनांनी किती चोख विज्ञान करता येतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

मग पान असताना फिल्मचा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारेल. पानाला मर्यादा आहेत. ते पाझर शोषत नाही. आतून औषध हळूहळू सोडत नाही. पाकिटात बंद होऊन दुर्गम आरोग्यकेंद्राच्या कपाटात वर्षभर राहू शकत नाही. खोल, चिघळलेल्या जखमेच्या पोकळीत ते बसत नाही. आणि अशा जखमा वाढत आहेत. आयसीएमआर-इंडियाब या पाहणीच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. मधुमेह्याच्या तळपायाची जखम महिनोन् महिने भरत नाही. तिथे पाणी शोषणारी, जंतू रोखणारी, न चिकटणारी आणि स्वस्त पट्टी मिळाली, तर कित्येकांचे पाय वाचतील. कायटोसान आणि अल्जिनेट यांची जागा तिथे आहे.

पेट्री डिशमधून तिथवर जायला कागदपत्रांचाही प्रवास आहे. १ जानेवारी २०१८पासून लागू झालेल्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली जखमेवरची पट्टीही येते. जोखमीनुसार चार वर्ग आहेत. किरकोळ खरचटण्यावरची पट्टी खालच्या वर्गात, आणि खोल जखमेवरची किंवा औषध घातलेली पट्टी वरच्या वर्गात जाते. म्हणून फिल्ममध्ये पानांचा अर्क घालण्याचा निर्णय नुसता रसायनशास्त्राचा राहत नाही. त्या एका चमचाभर अर्कामुळे मान्यतेचा रस्ता कितीतरी लांबू शकतो. हे सुरुवातीलाच माहीत असलेला संशोधक अर्काशिवायची फिल्म आधी पूर्णत्वाला नेईल.

हुबळी आणि धारवाड यांच्यात अंतर जेमतेम २० किलोमीटर. एवढ्या पट्ट्यात रसायनशास्त्र शिकवणारं जुनं विद्यापीठ आहे, औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालयं आहेत, कृषी विज्ञान विद्यापीठ आहे, २०१६पासून आयआयटी आहे, सत्तूरला एसडीएमचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. हुबळीच्या विद्यानगरात केएलई तंत्रज्ञान विद्यापीठ आणि ‘किम्स’ म्हणून ओळखलं जाणारं, १९५७ साली सुरू झालेलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय एकाच वस्तीत आहेत. अरबैल घाट उतरला की कोळंबीचा किनारा. कच्च्या मालापासून रुग्णापर्यंतची सगळी साखळी इतक्या जवळ असलेली गावं देशात थोडीच असतील.

म्हणून या प्रयोगशाळांना आणि महाराष्ट्रातल्या त्यांच्या भावंडांना एक आग्रहाची विनंती आहे. फिल्मची पहिली चकती कापण्याआधी जखमा रोज बांधणाऱ्या सर्जनला आणि सिस्टरला कामात सामील करून घ्या. फिल्म निर्जंतुक करून मगच मोजा. आणि तुलनेच्या तक्त्यात गॉझच्या शेजारी केळीच्या पानाचा रकाना ठेवा, वेदनेचा आणि रुपयांचाही ठेवा. नवी फिल्म पानापेक्षा कशात आणि किती सरस आहे, हे त्या तक्त्यात आकड्यांनी दिसलं पाहिजे. ते दिसत नसेल तर ती फिल्म अजून रुग्णापर्यंत नेण्याजोगी झालेली नाही.

वाचकासाठीही एक सूचना. हे वाचून कुणी घरच्या जखमेवर परसातलं पान किंवा बटाट्याचं साल बांधू नये. शीवच्या वॉर्डात पान निर्जंतुक केलेलं होतं आणि जखम डॉक्टरांच्या नजरेखाली होती. भाजल्याबरोबर त्या जागेवर २० मिनिटं नळाचं थंड पाणी सोडावं, बर्फ, टूथपेस्ट, हळद काहीही लावू नये, स्वच्छ कापडानं सैल झाकावं आणि दवाखाना गाठावा.